झ्वोन्कोचं मत

पुढच्या उन्हाळ्यात शिडाची बोट भाड्यानं घेऊन कुठं जायचं, हे त्या चौघांचं नोव्हेंबरातच ठरायचं. संत मार्टिनच्या दिवशी नव्या वाईनचं बारसं असतं. त्या दिवशी झ्वोन्को आणि बिसेर्का आपल्या द्राक्षमळ्यावरच्या घरी जेवायला बोलवायची, आणि राय्को आणि नेवेंका वाराज्दिनहून गाडी काढून जायची. भाजलेला हंस, त्याच्या चरबीत मुरलेल्या रोटीचे तुकडे, उकडलेले चेस्टनट असं सगळं पोटात गेलं की खरकटी ताटं बाजूला सरकवून राय्को टेबलावर समुद्राचा नकाशा पसरायचा. मग भांडण सुरू.

भांडण म्हणजे गंमतच होती. राय्को निवृत्त भूमापक, बोट चालवायचा परवाना एकट्या त्याच्याकडे, त्यामुळं शेवटचा शब्द त्याचा असायला हवा होता. पण तो बिचारा नुसता पट्टी घेऊन अंतरं मोजायचा. झ्वोन्को गाडी शिकवायच्या शाळेत शिक्षक. उभा जन्म दुसऱ्यांच्या शेजारी बसून ब्रेक दाबण्यात गेलेला, त्यामुळं बोटीवरसुद्धा समोर दुसरी बोट दिसली की त्याचा उजवा पाय आपसूक खाली दाबला जायचा. त्याची बायको बिसेर्का इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होती, मोजकं बोलायची आणि बोलली की लागेल असं बोलायची. नेवेंका, राय्कोची बायको, संगीतशाळेत पियानो शिकवायची. दर वर्षी ती एकच नाव घ्यायची, लास्तोवो, आणि दर वर्षी बाकीची तिघं हसायची.

लास्तोवो हे किनाऱ्यापासून फार लांब, भर समुद्रात असलेलं बेट. आठवड्याभरात जाऊन यायचं तर वाटेत रेंगाळायला फुरसत नाही. नेवेंकानं कधीतरी दंतवैद्याकडं ताटकळत बसलेली असताना एका मासिकात तिथल्या घरांच्या धुराड्या पाहिल्या होत्या. बुटक्या मिनारांसारख्या, नक्षीच्या, प्रत्येक घराची वेगळी. त्या तिच्या डोक्यात बसल्या त्या बसल्याच.

"तुझं लास्तोवो आपण म्हातारपणासाठी ठेवू," झ्वोन्को म्हणायचा.

"आणखी किती म्हातारं व्हायचंय आता?" ती म्हणायची.

त्या वर्षी झ्वोन्को डोक्यावर बिशपची कागदी टोपी चढवून, हातात झाडू घेऊन वाईनचं बारसं करून मोकळा झाला होता. त्याची आई, बारित्साकाकू, शेगडीजवळच्या बाकावर चेस्टनट सोलत बसली होती. नव्वदीला टेकलेली, काटक. नको ते ऐकू न येणं ही तिची खोड सगळ्यांना माहीत होती.

"शिबेनिक," झ्वोन्कोनं नकाशावर किनाऱ्यालगत बोट ठेवलं. "झ्लारिन, काप्रिये, काकान. घटकाभरात एका बेटावरून दुसऱ्या बेटावर. पोहायचं, खायचं, पडायचं. सुट्टी म्हणजे आणखी काय असतं?"

"अरे, काप्रियेची मांजरं आता मला नावानं ओळखतात," नेवेंका म्हणाली.

"मग नाही गेलो तर त्यांना वाईट नाही का वाटणार?"

"राय्को, तू बोल."

राय्कोनं पट्टी फिरवली, चष्मा कपाळावर चढवला. "खरं सांगू? यंदा जमेल लास्तोवो. जूनच्या सुरुवातीला बोट घेतली तर गर्दी नसते. पहिल्या दिवशी निघून व्हिस बेटाजवळ मुक्काम, तिथून पुढं लास्तोवो. मला तरी जमेलसं दिसतंय."

नेवेंका बघतच राहिली. नवऱ्यानं कधी उघडपणे तिची बाजू घेतली नव्हती. "ऐकलंत? कप्तान बोलले!"

"मी झ्वोन्कोबरोबर," बिसेर्का म्हणाली. "शिबेनिक." आणि टेबलाखाली तिनं नेवेंकाच्या पायाला हळूच पाय लावला. नेवेंकाला वाटलं, चिडवतेय. तिनंही उलट एक हलकी लाथ मारली.

"दोन विरुद्ध दोन," राय्को म्हणाला.

"लांब आहे गं फार," झ्वोन्को म्हणाला. "वारा फिरला तर अडकून पडू. आणि तिथली वाईन आंबट असते म्हणतात."

"आंबट? तुझ्या मळ्यातल्यापेक्षा?"

राय्कोला हसताना ठसका लागला. झ्वोन्को हसला, पण नकाशाकडं बघत. आपलं पारडं जड होतंय असं नेवेंकाला वाटलं, आणि ती खुर्चीतून वळून शेगडीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "बारित्साकाकू, तुमच्या लेकाला अजून आईचा पदर सोडवत नाही बघा! साठी उलटली, तरी शिबेनिकच हवं म्हणतोय. म्हणजे कंटाळा आला की गाडी काढायची आणि जेवायच्या वेळेला तुमच्या हातचं सूप प्यायला घरी!"

झ्वोन्कोचे कान लाल झाले. बिसेर्कानं हातातला ग्लास खाली ठेवला.

"काय म्हणतेय ती?" म्हातारीनं विचारलं.

"काही नाही आई," बिसेर्का म्हणाली.

"ऐकलंय मी," म्हातारी म्हणाली. "अरे, जा की! मी काय कुठं पळून चाललेय? कोंबड्या आहेत, श्तेफित्सा आहे. एवढा मोठा घोडा, आणि आईजवळ बसून काय करणार आहेस? चेस्टनट सोलणार?"

श्तेफित्सा ही झ्वोन्कोची धाकटी बहीण, खालच्या गावातच राहायची.

झ्वोन्कोनं डोक्यावरची कागदी टोपी काढली, तिची घडी घातली. "बरं. लास्तोवो."

"मनापासून म्हणतोस?"

"मनापासून. नाहीतर तू आणखी दहा वर्षं कान खाशील."

नेवेंकानं उठून त्याच्या टकलाचा मुका घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बिसेर्कानंही वाजवल्या.

फेब्रुवारीत बारित्साकाकूंना न्यूमोनिया झाला. इस्पितळात राहून त्या बऱ्या होऊन घरी आल्या, पण गालफडं बसलेली आणि आवाज खोल गेलेला. नेवेंका अक्रोडाचा केक घेऊन भेटायला गेली. म्हातारीनं केकला हात लावला नाही, पण हात धरून तिला जवळ बसवून घेतलं.

"कुठंसं जाणार आहात तुम्ही? दाखव मला."

नेवेंकानं फोनवर नकाशा काढून दाखवला. म्हातारीनं डोळे बारीक केले.

"एवढंसं?"

"तिथं जवळून मोठं दिसतं काकू."

"मी समुद्र एकदाच पाहिला. लग्नानंतर. पाण्यात गुडघ्यापर्यंत गेले आणि चपला गेल्या वाहून." ती हसली आणि हसता हसता खोकायला लागली. झ्वोन्को आतून पाणी घेऊन आला. त्यानं आईची मान धरून तिला घोट घोट पाजलं, हनुवटी पुसली. नेवेंका बघत होती. हे त्यानं अनेकदा केलंय, हे त्याच्या हातांवरून कळत होतं.

निघताना तो तिला गाडीपर्यंत पोहोचवायला आला. गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला.

"नेवेंका, ते जूनचं..."

"काय रे?"

त्यानं टपावर बोटानं एक रेघ ओढली. मग म्हणाला, "बोटीवरचा फ्रिज मोठा आहे ना? मागच्या वेळी बिअर गरम प्यायलो आपण."

"मोठा आहे. विचारून घेतलंय मी."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि टपावर दोनदा थाप मारून मागं वळला.

या थांबण्याचा अर्थ नेवेंकाला पुढं कळला. त्या वेळी ती गाडी चालवत घरी आली आणि येताना तिच्या डोक्यात धुराड्याच होत्या.

जूनमध्ये बोट ताब्यात घेतली तेव्हा हवा अशी होती की चौघांना आपलं वय विसरायला झालं. पहिल्या दिवशी शीड भरून वारा होता आणि झ्वोन्को सुकाणूवर उभा राहून बेसूर गात होता. दुसऱ्या दिवशी लास्तोवो समोर आलं, गडद हिरवं, पाण्यात पाठ वर काढून झोपलेल्या जनावरासारखं. उत्तरेच्या बाजूला झाक्लोपातित्सा नावाची खाडी आहे. तिथल्या एका खानावळीच्या धक्क्याला त्यांनी बोट बांधली. खानावळीचा मालक पेरो दोर पकडायला स्वतः आला, आणि संध्याकाळी त्यानंच मासे भाजून वाढले.

झ्वोन्को त्या दिवशी बोटीच्या नाकावरून पाण्यात उड्या मारत होता. पोट आपटून पाणी उडायचं आणि बिसेर्का ओरडायची, "अरे, मासे घाबरून इटलीला जातील!"

"जाऊ देत. तिकडं त्यांना चांगला सॉस तरी मिळेल."

नेवेंकानं इतका हलका झालेला झ्वोन्को बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. तिला वाटलं, बघा, मी म्हणत होते.

सकाळी राय्को हवामानाचा अंदाज वाचून आला. "संध्याकाळपासून दक्षिणेचा वारा सुटणार. जोराचा. आत्ता निघालो तर त्याच्या आधी व्हिस गाठू. नाहीतर तो ओसरेपर्यंत इथंच."

"आणि गाव?" नेवेंका म्हणाली. "धुराड्यांच्या पायथ्याशी येऊन तसंच परत जायचं?"

"मी फक्त सांगितलं."

"थांबू," झ्वोन्को म्हणाला. "इथं काय वाईट आहे? पेरोकडं मासे आहेत, सावली आहे."

"मग चला, चला! उन्हं चढायच्या आत वर पोहोचू," नेवेंकानं टाळ्या वाजवल्या. "बिसेर्का, टोपी घे. झ्वोन्को, अरे, किती वेळ? बूट काय घालतोस, लग्नाला निघालायस का?"

गाव डोंगराच्या आतल्या अंगाला होतं, समुद्राकडं पाठ करून बसलेलं. चढ दमवणारा होता. पण धुराड्या खरंच तशाच होत्या, जशा मासिकात. एक घुमटासारखी, एक चौकोनी खिडक्यांची, एक कंदिलासारखी. नेवेंका प्रत्येक गल्लीत थांबत होती. एका बाईनं त्यांना अंगणात बोलावून अंजिरांची राकिया, घरी गाळलेली दारू, पाजली. जेवणही त्यांनी वरच केलं. उतरायला लागले तेव्हा आकाश पांढुरकं झालं होतं आणि हवा ओलसर, चिकट. दूरवर मोठी फेरीबोट बेटापासून लांब जाताना दिसली. राय्को म्हणाला, "शहाणी आहे. वाऱ्याआधी निघाली."

बोटीवर आल्यावर झ्वोन्को केबिनमध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. बिसेर्का आत डोकावली. तो बाकावर बसला होता, हातात फोन.

"श्तेफित्साचे फोन येऊन गेलेत," तो म्हणाला. "सकाळपासून."

आई कोंबड्यांना दाणे टाकताना अंगणात पडली होती. आता इस्पितळात होती. डॉक्टर हृदयाचं काहीतरी म्हणत होते. श्तेफित्सा फोनवर रडत नव्हती, आणि त्याचीच झ्वोन्कोला भीती वाटली. "ये," एवढंच ती म्हणाली. "लगेच ये दादा. तुझं नाव घेतेय."

त्यानं वर येऊन राय्कोला सांगितलं, "दोर सोड. निघू या."

राय्कोनं खाडीच्या तोंडाकडं पाहिलं. बाहेर समुद्राचा रंग बदलला होता. "झ्वोन्को, आता नाही."

"मागून वारा आहे. ढकलत नेईल आपल्याला."

"मागून वारा आणि त्याच्याही मागून लाटा. अंधारात, उघड्या समुद्रात. ही बोट आणि आपण चौघं. नाही."

"माझी आई मरतेय तिकडं!"

"आणि चार माणसं बुडवून ती वाचणार आहे का?"

राय्को असं कधी बोलत नसे. बोलून झाल्यावर त्याचाच चेहरा उतरला. झ्वोन्को पुढं झाला. त्यानं दोराच्या गाठीला हात घातला, आणि बिसेर्कानं त्याचा हात धरला. मग तो खाली बसला, बोटीच्या फळीवर, आणि वारा सुटला तेव्हाही तिथंच बसून होता.

दुसऱ्या दिवशी पेरोनं आपल्या गाडीतून त्याला उब्लीला नेलं. तिथून मुख्य किनाऱ्यावरच्या स्प्लिटला जाणारी फेरी सुटते. फेरी नव्हती. वारा ओसरेपर्यंत येणार नाही, असं खिडकीवर चिकटवलेलं होतं. पेरोनं इकडंतिकडं फोन केले. मासेमारीच्या बोटवाल्यांना विचारलं, पण सगळ्यांनी माना हलवल्या. झ्वोन्को परत यायला तयार होईना. धक्क्याच्या टोकाला एक बाक होता, तिथं तो पिशवी मांडीवर घेऊन बसला. लाटा धक्क्यावर आपटून शिंतोडे त्याच्यापर्यंत येत होते.

दुपारी नेवेंका त्याच्यासाठी पाव आणि चीज घेऊन गेली. बिसेर्का त्याच्या शेजारी बसलेली होती. तिनं डबा घेतला आणि बाकावर ठेवला. तो कुणी उघडला नाही.

"झ्वोन्को," नेवेंका म्हणाली, "मला माहीत असतं तर..."

"माहीत नव्हतं तुला," तो म्हणाला. समुद्राकडं बघत.

"आता तरी माहीत झालं ना?" बिसेर्का म्हणाली. "तिच्यासमोर कसं बोलणार होता तो? आई, तू थकलीस म्हणून मला जवळ राहायचंय, असं? तिच्या तोंडावर? मी तुला पाय लावला टेबलाखाली. तू लाथ मारलीस."

नेवेंका वळून पेरोच्या गाडीकडं चालत गेली.

त्याच्या पुढच्या दिवशी वारा पडला आणि फेरी आली. झ्वोन्को आणि बिसेर्का पहिल्याच फेरीनं गेले. स्प्लिटच्या बसस्थानकावर, तिकिटाच्या रांगेत उभे असताना, श्तेफित्साचा फोन आला. आई सकाळी गेली होती. शेवटपर्यंत विचारत होती, आला का? श्तेफित्सा सांगत होती, फेरीत बसलाय, निघालाय. म्हातारी म्हणाली होती, मग सूप गरम करून ठेव.

राय्को आणि नेवेंका बोट घेऊन एकटेच परतले. समुद्र धुऊन काढल्यासारखा झाला होता, निळाशार, आणि वारा हवा तेवढाच. दोघांत मिळून दोर ओढायचे, सुकाणू धरायचं. नेवेंकाचे तळवे सोलवटले. वाटेत डॉल्फिनचा कळप बोटीबरोबर पोहत आला. कुणालातरी हाक मारून दाखवावं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि परत मिटलं.

अंत्यविधीला अख्खं गाव होतं. सगळं आटोपल्यावर दफनभूमीच्या फाटकाशी नेवेंकानं बिसेर्काला मिठी मारायला हात पुढं केले. बिसेर्कानं मिठी मारू दिली, पण तिचे स्वतःचे हात खालीच राहिले.

"सकाळीच फोन लागला असता तर ती फेरी त्याला मिळाली असती," ती हळू म्हणाली, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं. "पण तुझी घाई. चला, चला. उन्हं चढतील. माझा चार्जिंगला लावलेला, आणि त्या गडबडीत त्याचाही फोन बोटीवर राहिला. मिळालं ना तुला तुझं लास्तोवो?"

नोव्हेंबर आला. संत मार्टिनच्या दिवसाच्या आदल्या आठवड्यात राय्को फोनच्या आसपास घुटमळत होता.

"तू कर ना," तो म्हणाला.

"मी कशी करू? तू कर. निघायचं नाही म्हणालास, ते तर बरोबरच होतं."

"बरोबर होतं म्हणूनच करवत नाही."

फोन कुणीच केला नाही, तिकडूनही आला नाही. त्या दिवशी त्यांनी घरीच कोंबडी भाजली आणि टीव्ही लावून खाल्ली.

वाईट म्हणजे नेवेंकाला आता ते वाक्य सारखं ऐकू यायचं. वर्गात मुलं सराव करत असताना, भाजी घेताना. आईचा पदर. किती सहज निघालं होतं तोंडातून, आणि किती नेमकं बसलं होतं. तो खरंच आईसाठीच शिबेनिक म्हणत होता. तिनं अंधारात दगड मारला होता आणि तो त्याच्या कपाळावर लागला होता. बरं, टोला बसलाय हे त्याच्या कानांवरून दिसत होतं. ते पाहूनही ती थांबली नव्हती, कारण ती जिंकत होती.

मार्चमध्ये, वेली बांधायच्या दिवसांत, तिच्यानं राहवलं नाही. राय्कोला न सांगता ती गाडी घेऊन मळ्यावर गेली. झ्वोन्को वरच्या ओळीत होता, कमरेला वाळुंजाच्या ओल्या काड्यांची जुडी खोचून. छाटलेली वेल वाकवून तारेला काडीनं बांधत होता. तिला पाहून त्याला आश्चर्य वाटलं, पण राग दिसला नाही. तो बारीक झाला होता.

"ये," तो म्हणाला. "हातमोजे आहेत?"

"नाहीत."

त्यानं खिशातून आपले जादा हातमोजे काढून दिले, आणि थोड्या काड्या. ती त्याच्या समोरच्या बाजूनं बांधत चालली.

"इतक्या करकचून नको गं. वाढायला जागा लागते तिला."

तिनं काडी सोडवून पुन्हा बांधली. मग हात थांबवून म्हणाली, "झ्वोन्को, त्या दिवशी मी काकूंच्या समोर जे बोलले, ते मला मागं घेता येत नाही. पण मला माफ कर."

"तू खरं तेच बोललीस. म्हणून तर लागलं."

"मी हट्ट केला नसता तर..."

"तर मी शिबेनिकला असतो आणि फोन आल्यावर गाडी काढली असती. हो." तो वेलीकडंच बघत होता. "पण फोन आल्यावर हं. फोन घेतला असता तर."

तिला कळेना.

"त्या सकाळी फोन मी विसरलो नव्हतो," झ्वोन्को म्हणाला. "मुद्दाम ठेवला. आई दिवसातून सारखी फोन करायची. गोळ्यांची डबी कुठं आहे, मांजर कुठं गेलं, तू जेवलास का. शेवटी शेवटी तर ठेवला की परत. तुम्ही सगळे बाहेर उभे होतात, तू ओरडत होतीस चला चला म्हणून. फोन माझ्या हातात होता. आणि मला वाटलं, एक दिवस. फक्त एक दिवस मला कुणी हाक मारू नये. बंदसुद्धा नाही केला, उशीखाली घातला." तो थांबला. "आणि तुला सांगतो, वर गावात मला इतकं छान वाटत होतं. त्या बाईची राकिया, त्या गल्ल्या. दिवसभरात मला तिची एकदाही आठवण झाली नाही. त्याच वेळी ती अंगणात पडलेली."

खालच्या रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला.

"बिसेर्काला हे माहीत नाही," नेवेंका म्हणाली.

"नाही. तिला वाटतं, तुझ्या घाईत राहिला. मी काही बोललो नाही. आधी सांगायचा धीर झाला नाही, नंतर उशीर झाला. तिनं आईचं फार केलं गं, माझ्यापेक्षा जास्त. तिला हे कळलं तर..." त्यानं काडीला पीळ दिला, ती तुटली, त्यानं दुसरी घेतली. "तू सांगू नकोस तिला."

"म्हणजे मीच वाईट राहायचं."

"हो," तो म्हणाला. "मागतोय मी तुझ्याकडं. मला मागायचा हक्क नाही, पण मागतोय."

नेवेंकाला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. आपल्याला हलकं वाटेल असं समजून ती आली होती. आता उलट काहीतरी हातात दिलं गेलं होतं आणि ते ठेवायला जागा नव्हती. दोष आपला नाही हे समजलं, आणि नेमकं ते कुणाला सांगता येणार नव्हतं. आणि तरी तो आपला नाहीच, असंही तिला म्हणवेना. घाई तिची होती. हट्ट तिचा होता. त्याला एक दिवस सुटका हवीशी वाटली, ती तिच्याच धुराड्यांच्या वाटेवर.

"बरं," ती म्हणाली.

ओळीच्या शेवटापर्यंत त्यांनी बांधत नेलं. तेवढ्यात वर घराचं दार उघडलं. बिसेर्का ओट्यावर आली, एप्रनला हात पुसत. तिनं खाली पाहिलं. नेवेंका तिला स्पष्ट दिसली असणार. मधे काहीच नव्हतं, उघड्या वेलींखेरीज.

"झ्वोन्को!" तिनं हाक मारली. "जेवायला ये!"

आणि ती आत गेली. दार उघडंच राहिलं.

झ्वोन्को तिथंच उभा राहिला, एकदा घराकडं, एकदा नेवेंकाकडं बघत. "चल ना," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. "दोन घास खाऊन जा."

"नको. चारला विद्यार्थी आहेत माझे."

"नेवेंका, तिला वेळ दे थोडा."

"हं." तिनं हातमोजे काढून त्याला दिले. "जा तू. सूप गार होईल."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. पण झ्वोन्को नुसता मान हलवून चढ चढायला लागला होता, सावकाश, गुडघ्यावर हात टेकत.

ती घरी आली तेव्हा राय्को स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. तिच्या बुटांना लागलेल्या मातीकडं त्यानं पाहिलं.

"मळ्यावर गेली होतीस?"

"हो."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तुझ्यावर राग नाही."

"आणि तुझ्यावर?"

"माझ्यावरही नाही."

राय्कोचा चेहरा उजळला. "मग? मग झालं तर! बिसेर्का?"

"ती कामात होती," नेवेंका म्हणाली आणि बूट काढायला खाली वाकली.

"बोटवाल्यांचा फोन येऊन गेला सकाळी," राय्को जरा वेळानं म्हणाला. "जूनसाठी बोट ठेवू का म्हणून. कुठं जायचंय विचारत होते. काय सांगू?"

"यंदा नाही म्हणून सांग."

राय्कोनं बटाटा पाण्यात टाकला. मग हात पुसून त्यानं फोन उचलला.